तीन कड्यांचं दार

भुताची गोष्ट मी अशी सांगतो, की ऐकणाऱ्याचं धोतर बसल्या जागी ओलं व्हावं. आजवर ते एकदाच झालं, आणि ते धोतर माझंच होतं. घरी सांगितलं, तांब्या लवंडला. असो. दिव्याची वात जरा वर करा आणि जवळ सरकून बसा. ही गोष्ट भर दुपारची आहे, म्हणून ती अंधारात सांगितली तरी चालते.

भांडुपात तेव्हा धाकू मेस्त्री म्हणून एक सुतार होता. सन छप्पनची गोष्ट. हात सोन्याचा आणि तोंड माकडाचं, असा मनुष्य. लग्नात नवऱ्याच्या जोड्यात ओला चुना भरायचा तो धाकू. भजनीबुवांच्या टाळांना मेण फासायचा तोही धाकूच. पण त्याची खरी करामत होती रडण्याची. नाक चिमटीत धरून, पोट आत ओढून तो तान्ह्या पोरासारखा असा रडायचा, की चाळीतल्या ओल्या बाळंतिणी हातातला घास टाकून धावत सुटायच्या. त्याची बायको प्रेमा म्हणायची, "एक दिवस ह्या रडण्यान कोणतरी खराच येतला." धाकू हसायचा. हसण्यात त्याचा खर्च होत नसे.

त्या वर्षी मात्र त्याच्या घरात खऱ्या रडण्याची वाट बघणं चाललं होतं. त्याची लेक माणिक बाळंतपणाला आली होती. पहिलं मूल चाळीच्या खोलीत, आडवं आलं म्हणून गेलं होतं. माणिकही जाता जाता राहिली. या खेपेला धाकूने देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून सांगितलं होतं, पोरीचं बाळंतपण धड खोलीत, धड खाटेवर, डॉक्टरीणबाईच्या हातून होईल. आणि तशी खोली भांडुपात होऊ घातली होती. करणारा स्वतः धाकूच होता.

टेकडीच्या अंगाला मार्तंडरावांचा जुना बंगला होता. वारसांनी तो गावाला देऊन टाकला. गावाच्या कमिटीचे अण्णा म्हणजे रिटायर ओव्हरसियर. चष्मा कपाळावर आणि छत्री काखेत. काहीजण म्हणाले, पाडा आणि नवं बांधा. अण्णा म्हणाले, "पाडायला अक्कल लागत नाही. सिमेंटला परमिट, परमिटला साहेब, आणि साहेबाला सवड नाही. हे बर्माचं सागवान आहे, हा चुन्याचा गिलावा आहे. असं घर आता बांधणार कोण? जे आहे ते राखायचं, डागडुजी करायची आणि इथेच प्रसूतिगृह उघडायचं. मेस्त्री, एक फळीसुद्धा फुकट घालवायची नाही!"

धाकूला हे पटलं. जुन्या लाकडाचा त्याला भारी लोभ. सोबतीला त्याने मेव्हणा घेतला, प्रेमाचा धाकटा भाऊ धोंडू. चेष्टा करायला एक माणूस हाताशी लागतोच.

दोन महिन्यांत खालचं काम झालं. वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला एक खोली उरली. तिथे अण्णांनी बोट दाखवलं. "ही प्रसूतीची खोली. उजेड उत्तम, हवा उत्तम."

त्या खोलीचं दार एकपाखी, जाड, आणि त्याला बाहेरून तीन कड्या. एक डोक्याशी, एक कमरेशी, एक घोट्याशी. तिन्ही घातलेल्या. गंजून कोयंड्याशी एकजीव झालेल्या.

बंगल्यावर राखणीला वनमालाबाई नावाची म्हातारी होती. मार्तंडरावांच्या काळात ती घरातली पोरं सांभाळायची. धाकू कड्यांना खोबरेल चोळायला बसला, तशी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"मेस्त्री, त्या कड्या तशाच राहू द्या."

"का गे आजये? आत सासू हा?"

म्हातारी हसली नाही. तिने सांगितलं ते असं. मार्तंडरावांचा धाकटा भाऊ नंदकिशोर डोक्याने बिघडलेला. त्याला सगळं चाले, फक्त तान्ह्या पोराचं रडणं चालत नसे. कानात बोटं घालून भिंतीवर डोकं आपटायचा. वहिनीला मुलगा झाला. तीन दिवस पोर रडत होतं. चौथ्या दुपारी घरात सुतारकाम चालू होतं, त्यातली कुऱ्हाड त्याने उचलली. आधी पाळणा फोडला. मग वहिनी आडवी आली, तिला. वनमालाबाई तेव्हा अठरा वर्षांची. ती धान्याच्या कणगीमागे बसून राहिली आणि मोजत राहिली. एकवीस घाव. मार्तंडरावांनी घराण्याच्या अब्रूपायी दरोडेखोरांचं नाव घेतलं, आणि भावाला ह्या खोलीत घालून बाहेरून तीन कड्या ठोकल्या. अकरा वर्षं तो आत होता. जेवण शिडी लावून खिडकीतून. मेला तेव्हा प्रेतही खिडकीचे गज कापून, दोर बांधून मागच्या अंगाला उतरवलं.

"दारातून का नाही?" धोंडूने विचारलं. त्याचा आवाज आताच बारीक झाला होता.

"दारातून नेला तर त्याला दाराची वाट कळते. मग तो त्याच वाटेने येतो," म्हातारी म्हणाली. "त्या दिवसापासून कड्या कुणी काढल्या नाहीत. आणि तुम्ही इथे बाळंतिणी आणणार."

अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पुन्हा कपाळावर ठेवला. "मेस्त्री, इमारतीला ओल लागते, वाळवी लागते. भूत लागल्याचं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. काढा कड्या."

धाकूने कड्या काढल्या. वरची सहज निघाली, मधलीला हातोडी लागली. खालची निघताना असा आवाज झाला, की कुणीतरी दातावर दात घासावा. दार आत लोटलं. खोलीत कोंदट, आंबूस वास. जुन्या गोधडीला येतो तसा, आणि त्याच्या मागे लोखंडाचा. धोंडू म्हणाला, "भावजी, ह्यो वास रगताचो." धाकू म्हणाला, "गप रे मेल्या, गंजाचो हा." दोन्ही वास सारखेच असतात, म्हणून दोघांचंही बरोबर होतं.

मग दोघांनी दाराची आतली बाजू बघितली. छातीच्या उंचीपासून खाली घोट्यापर्यंत ओरखडे. नखांचे. मधूनमधून खोल खळगे. एका खळग्यात काहीतरी पिवळं अडकलं होतं. धाकूने पटाशीच्या टोकाने ते काढलं. दात होता.

तो त्याने खिडकीतून फेकून दिला, आणि लगेच लाकडावरून हात फिरवत म्हणाला, "पण लाकूड बघ रे. लोणी हा लोणी."

आता इथे चूक झाली. धाकूला बुद्धी नव्हती असं नाही. जरा जास्तच होती. बाळंतिणीची खोली, तेव्हा कडी आतून हवी, हे अण्णांचं म्हणणं. कड्या उपटाव्या तर गंजलेले खिळे फळी फाडणार. बाहेर आहे ते आत हवं, इतकंच ना? मग धाकूने दारच फिरवलं. बिजागऱ्यांतून सोडवलं, पाठीकडची बाजू पोटाकडे केली, थोडं तासलं, बाहेरच्या अंगाला नव्या बिजागऱ्या आणि चौकटीला आतून नवे कोयंडे मारले. तिन्ही कड्या गेल्या आत. ओरखड्यांची बाजू आली व्हरांड्यात. तिला रंधा मारून खळग्यांत लांबी भरली की झालं. एक फळी फुकट गेली नाही, एक कडी नवी लागली नाही. अण्णांनी पाठ थोपटली.

वनमालाबाईने दाराकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आता घालायच्या का काढायच्या, ते त्याच्या हातात."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर धोंडू आत खिडकीला गज बसवत होता. गज बसले, पक्के. हाताशी धाकूचीच लाकूड तासायची वाकस होती, मुठीला लाल दोरी गुंडाळलेली. ती मूळची धाकूच्या बापाची. धाकू बाहेर व्हरांड्यात दाराला रंधा मारत होता. दार अर्धवट उघडं. खाली अण्णा आरामखुर्चीत घोरत होते. मिठागरांकडून गरम वारा येत होता.

धोंडू सकाळपासून घाबरलेला. दर दहा मिनिटांनी विचारायचा, "भावजी, भायर आसास मां?" आता सांगा, असा माणूस समोर असताना धाकूसारख्याने गप्प बसावं, हे त्याच्या जिवाला कसं झेपावं? त्याने रंधा खाली ठेवला. नाक चिमटीत धरलं. पोट आत ओढलं.

"ट्यँ... ट्यँ... ट्यँहाँ..."

दार लागलं. वाऱ्याने लागतं तसं धाडकन नाही; हळू, नीट, कुणी पाहुणा आत आल्यावर लावतो तसं. मग आतून वरची कडी पडली. मधली. मग, जरा वेळ गेल्यावर, घोट्याजवळची. ती घालायला माणसाला वाकावं लागतं.

धाकू हसला. "शाबास रे धोंडू! माकाच घाबरवतंस?"

आतून उत्तर आलं, ते दारापासून नव्हे, खिडकीपासून.

"भावजी... मस्करी पुरे. कडये मी नाय घातलंय..."

"मग कोणी घातल्यान?"

"भावजी... वाकस खंय गेली? आता हयसर होती..." मग अगदी हळू, "भावजी... रडा नको... आता रडा नको..."

धाकू रडत नव्हता. त्याचं तोंड कधीच मिटलं होतं.

पहिला घाव लाकडावर पडला. दुसरा लाकडावर नाही पडला. धाकूने आयुष्यभर वाकस चालवली होती. ओल्या लाकडात ती कशी बसते, सुक्यात कशी, गाठीवर कशी उसळते, हे त्याचे कान जाणत होते. हा आवाज त्याच्या कानांना नवा होता. धोंडू ओरडला, आणि त्याच्या ओरडण्याच्या मधोमध तिसरा घाव पडला. दाराखालच्या फटीतून लाल रेघ आली, रंध्याच्या भुशात शिरली आणि भुसा गोळा गोळा होऊ लागला.

धाकूने पहार घेतली. नव्या बिजागऱ्या बाहेर होत्या, एवढंच नशीब. त्याने एकेक खिळा उडवला, फटीत पहार घातली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. दार त्याच्या अंगावरच कोसळलं. तो उताणा पडला, वर दार, आणि दारावरून कुणीतरी चालत गेल्यासारखं वजन एकदा छातीवर आलं, एकदा मांडीवर. धोंडूच ते, असं त्याला वाटलं.

दार ढकलून तो उठला, तर धोंडू आतल्या कोपऱ्यात होता. डाव्या हाताची चार बोटं खिडकीच्या पट्टीवर राहिली होती, गज धरलेली. खांदा फळीसारखा उभा चिरलेला. गज शाबूत. खोलीत दुसरं कुणी नाही.

धाकूने पंचा खांद्यात कोंबला आणि मेव्हण्याला ओढत व्हरांड्यात आणलं. ओरडण्याने अण्णा वर आले होते, वनमालाबाई आली होती. अण्णा म्हणाले, "आधी डॉक्टर!" धाकू म्हणाला, "आधी दार!" सुताराचं अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिघांनी मिळून ते धूड उचललं, कड्यांची बाजू बाहेर करून जुन्या बिजागऱ्यांत बसवलं. धाकूने वरची कडी घातली, मधली घातली, खालची वाकून घातली. मग अण्णांच्या टांग्यात धोंडूला घालून मुलुंडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, जगेल; हात राहील, पण त्या हातात काही धरता येणार नाही.

चाळीत परतायला दिवेलागण झाली. पॅसेजमध्ये शेजारणी उभ्या होत्या, आणि हसत होत्या. धाकूला वाटलं, ह्यांना अजून कळलं नाही. खरं तर त्यालाच कळलं नव्हतं. माणिकला दुपारीच कळा आल्या, सुईण बोलावली, खाट नाही, डॉक्टरीण नाही, आणि तरी सगळं नीट झालं. मुलगा. आतून त्याचा आवाज येत होता. ट्यँ, ट्यँ. धाकूच्या आवाजाहून कितीतरी फिका, आणि थांबत नव्हता.

प्रेमा दारात उभी होती. कमरेला पदर खोचलेला. हसत नव्हती.

धाकूने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. धोंडूचा हात सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी जरा छाती पुढे काढून म्हणाला, "पण मी काय लेचोपेचो नाय. दार सुलटा बसवलंय. तिनय कडये भायरसून घातलंय. आता बसांदे तेका आत, जल्मभर."

"आणि बापाशीची वाकस?"

"ती रवली आत. जांवदे."

"लाल दोरयेची?"

"तीच. दुसरी खंय हा आपल्याकडे?"

प्रेमा बाजूला सरकली. कंदील खाली धरला. उंबऱ्याच्या बरोबर मधोमध वाकस रुतली होती, पात्यापर्यंत. मुठीची लाल दोरी ओली होती, आणि उंबऱ्याच्या आतल्या अंगाला फरशीवर एक थेंब पडला होता, त्याच्या पुढे दुसरा, त्याच्या पुढे पडद्याखालून आत जाणारा तिसरा.

आत पोराचं रडणं एकदम थांबलं.

"तीन कडये घातलास, बरा केलास," प्रेमा अगदी हळू म्हणाली. "पण घातलास तेव्हा तो आत होतो, ता कोणी बघल्यान?"