बिस्किटी रंगाचे प्लग

गौरेशने फियाट घेतली तेव्हा तिला चारी चाकं होती, दोन्ही आरसे होते, मागच्या काचेला लेसचा पडदासुद्धा होता. फक्त कार्बोरेटर नव्हता. म्हणजे माणूस सुटाबुटात उभा, पण नाक घरी विसरलेला.

गाडी हळर्णच्या विनोदिनीबाईंची. त्यांचे यजमान कृष्णनाथ वारले, त्यानंतर ती काजूच्या झाडाखाली उभी होती ती उभीच.

"कार्बोरेटर कुणी नेला?" गौरेशने विचारलं.

"मीच काढून घेतला नि नदीत टाकला." बाई सुपातले तांदूळ निवडत होत्या.

"नदीत? का हो?"

"जेवून जरा आडवं पडायला मिळावं म्हणून."

गौरेश हसला, पण थोडा दुखावूनच. गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी कमी, त्याच्या विनोदांसाठी जास्त येतं असा त्याचा समज होता. दुसऱ्याचं वाक्य सरस निघालं की त्याच्या पोटात बारीक कळ यायची.

"हे बोलायचे नाहीत, पुता," बाई पुढे म्हणाल्या. "दुपारी हात धुतला की मला बाजूला बसवायचे नि गाडी सोडायचे. पार पाळी गावच्या खाणींपर्यंत. एक शब्द नाही."

"एक शब्द नाही?" गौरेशची बायको सुविधा म्हणाली. "नशीबवान हो तुम्ही!"

बाईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी सुविधाकडे बराच वेळ पाहिलं आणि आत जाऊन तिच्यासाठी केसांत माळायला आबोलीचा वळेसर आणला. गौरेशसाठी पाणी आणलं.

नवा कार्बोरेटर मिळवायला पावसाळा गेला. तो बसवायला भैरू आला. हा बेळगावकडचा मेस्त्री. बोलायला लागला की इंजिनाचाही आवाज ऐकू येत नसे. त्याने जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं, दोन नट आवळले, पेट्रोलची नळी आणि चोकची तार जोडली. मग प्लगांचा प्रश्न आला.

"गरम घालू का थंड?" भैरूने विचारलं.

"चहा विचारतोस का प्लग?"

"प्लग ओ! हळू नि जवळजवळ फिरणार असाल तर गरम प्लग. लांब पळवणार असाल तर थंड. उलटं झालं की प्लग तोंड काळं करतोय, नाहीतर पांढरं पडतोय. बरोबर असला की कसा, बिस्किटासारखा!"

साखळी ते डिचोली, डिचोली ते साखळी, एवढीच त्याची धाव. गौरेशने गरम घेतले.

गाडी चालू करण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. सुविधा म्हणाली, शेजारच्या गोकुळदासकाकांना बोलावूया, त्यांना रीत ठाऊक आहे. पण गौरेश कसला ऐकतो? त्याने स्वतःच नारळ उचलला, गावकऱ्यासारखा घसा खाकरला आणि आवाज लावला:

"बा देवा म्हाराजा! ही गाडी ज्याची खरी, त्याला नि त्याच्या बायकोला रोज फिरवून सुखरूप घरी आण रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला हजर असलेल्याने होकार द्यायचा असतो. भैरू हसत बसला. सुविधाने मात्र डोळे मिटून, स्पष्ट म्हटलं, "व्हय म्हाराजा."

गाडी पहिल्या फटक्याला चालू झाली.

पंधरवड्याने ती खाकरायला लागली. भैरूने प्लग काढले. चारही पांढरे, टोकाला फोड आलेले.

"साहेब, घाटात पळवली का काय?"

"घाटात? डिचोलीच्या चढावर ती मला उतरून चालायला लावते."

"मग कुणाला दिली होती काय?"

गौरेशने आजवर कुणाला छत्री दिली नव्हती. तो त्या फोडांकडे पाहत राहिला आणि पोटातली ती ओळखीची बारीक कळ या वेळी बारीक राहिली नाही. कुणीतरी त्याची गाडी नेत होतं. लांब नेत होतं. आणि ती जात होती.

त्याने थंड प्लग घालायला लावले. गाडी त्याच्यासारखीच रमतगमत चालली, तर प्लग काळे व्हायला हवेत. काळे निघाले तर गाडी आपली. काजळीसाठी आस लावून बसलेला तो गोव्यातला पहिलाच नवरा असावा.

आठवड्याने त्याने स्वतः प्लग काढले. चारही बिस्किटी. इतके सुरेख, की चहात बुडवावेत.

"कुणाबरोबर तरी जाते ती," तो जेवताना म्हणाला.

"कोण?"

"फियाट."

"माझ्याकडे कधी इतकं लक्ष दिलंस?" सुविधाने विचारलं.

"तुला चार प्लग कुठे आहेत?"

ती हसली नाही. हल्ली ती हसत नसे. शाळेत शिकवून आली की मुकाट्याने वाढायची, जेवायची आणि आडवी व्हायची. झोपून उठली की मात्र चेहरा असा ताजा, जसा वारा लागलाय. गौरेशचं तिकडे लक्ष गेलं होतं, पण तो प्लगांच्या विचारात होता.

त्याने टायरपासून जमिनीपर्यंत खडूची सलग रेघ ओढली; चाक जरा हललं तरी ती तुटणार. दुपारी दुकान बंद करून आला, बांगड्याचं हुमण आणि भात जेवला, आणि दारापुढच्या बाल्कांवात खुर्ची टाकून गाडीवर डोळे लावून बसला. दुपारी दीड ते चार साखळीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. हुमणापुढे संशयाचं काही चालत नाही. त्याचे डोळे मिटले.

संध्याकाळचे पाव घेऊन आलेल्या पोदेराच्या भोंप्याने जाग आली. गाडी जागेवर होती. खडूची रेघ अखंड होती. त्याने बॉनेटला हात लावला आणि चटकन काढला.

पुढच्या काचेवर तांबडी धूळ होती. तसली धूळ साखळीत नसते. ती पाळीला, खाणींच्या रस्त्यावर असते.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्याने कार्बोरेटर काढला. उघड्या भोकात जुन्या बनियनचा बोळा कोंबला. पेट्रोलची नळी बांधून टाकली.

"आता बघू कुठे जातेस," तो गाडीला म्हणाला.

"मला म्हणालास?" सुविधा दारात उभी होती. तिने केसांत आबोली माळली होती.

"तुला कशाला म्हणू? तुझ्यावर माझा विश्वास आहे."

हा त्याच्या मते बरा विनोद होता. ती आत गेली.

कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून त्याने उशाखाली घेतला. पेट्रोलचा वास, कानाखाली थंड धातू. शेजारी सुविधा कुशीवर झोपली होती. तिचा श्वास त्याने ऐकला. मग हुमणाने आपलं काम केलं.

भोंपू वाजला.

शेजारची जागा रिकामी होती.

उशाखाली कार्बोरेटर होता. थंड.

तो अनवाणी बाहेर आला. सुविधा गाडीत पुढे, डाव्या बाजूला बसली होती. काच खाली केलेली. केस विस्कटलेले, पापण्यांवर तांबडी धूळ. आबोलीची फुलं मागच्या सीटवर उडून पडली होती.

खडूची रेघ अखंड होती.

त्याने बॉनेट उघडलं. बोळा होता तिथेच होता. कडेने करपलेला.

"सुविधा," तो म्हणाला. "कुठे होतीस?"

तिने डोळे उघडले. लग्नानंतर पहिल्या महिन्यात ती जशी पाहायची, तशी त्याच्याकडे पाहून हसली.

"कुठे म्हणजे? आताच तर आलो आपण. किती जोरात चालवलीस रे."

गौरेश बॉनेट तसंच उघडं टाकून तिच्या खिडकीशी वाकला.

सुविधाने हात बाहेर काढून त्याच्या गालावर ठेवला. तळवा गरम होता.

"अख्ख्या वाटेत एक शब्द बोलला नाहीस," ती म्हणाली. "उद्याही असाच ये."