आरसा मागायला आलेला माणूस

"आरसा आहे का?"

मी दचकलेच. सकाळी साडेसहाला, बायकांच्या वॉर्डात, एक उंच तरुण माझ्या खाटेपाशी उभा राहून चक्क आरसा मागत होता!

"समोरच्या वॉर्डात माझे काका आहेत, तियो पिलो. भांग पाडल्याशिवाय चहा घेत नाहीत."

"दवाखान्यात भांग?"

"आणि वर पावडरसुद्धा!"

मी उशीखालचा आरसा त्याच्या हातात कोंबला. "ठेवून घ्या. मला नाही लागत."

तो माझ्या केसांकडे बघतच राहिला. "लागत नाही...? इंदाय, यात चिमणी अंडी घालेल गं."

मेला आगाऊ! ओळख नसताना थेट 'इंदाय', म्हणजे पोरी, म्हणतो! पण तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा हसले.

ट्रायसिकल, म्हणजे आमच्याकडची तीनचाकी रिक्षा, उलटून माझा पाय मोडला होता. दोन ऑपरेशनं फुकट गेली. तिसरं केलं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून नाही म्हणत होते. आई हाँगकाँगला, दुसऱ्यांची मुलं सांभाळते; इथे माझं दुसरं कुणी नाही. आमच्याकडे प्रत्येक पेशंटपाशी घरचं एक माणूस राहतं, गळ्यात सोबतीचं कार्ड घालून. माझं कार्ड रखवालदाराच्या खणात पडून होतं.

त्या तरुणाने, आर्नेलने, आरसा ठेवून घेतला नाही; रोज मागून न्यायचा. परत आणताना काकांचा निरोपही आणायचा.

"तियो म्हणतात, आधी तोंड धुवायचं. रडायचं असेल तर मग रडायचं."

"तियो म्हणतात, हिची चाकांची खुर्ची खिडकीशी न्या."

"तियो विचारतात, घरी गेल्यावर पहिल्या रविवारी काय खाणार?"

"बाचोय," मी म्हटलं. "वाफाळतं सूप, भरपूर शेवया घातलेलं."

"एकटीच?"

"बघू..."

मी केस विंचरू लागले. अन्न गोड लागू लागलं. खोटं कशाला बोलू, साडेसहाच्या आधीच माझे कान दाराकडे असायचे. या आठवड्यात त्याचे डोळे लाल दिसत, तर मी त्याला झोपाळू म्हणून चिडवलंही.

गुरुवारी डॉक्टरांना शेवटचं उत्तर द्यायचं होतं. त्याआधी तियोंना एकदा भेटावं म्हणून मी नर्सला खुर्ची ढकलायला सांगितली. त्यांच्या खाटेवर दुसराच कुणी म्हातारा होता.

"तियो पिलो?"

"ते शनिवारी वारले," नर्स म्हणाली. "तुला ठाऊक नाही?"

शनिवारी! मग आज सकाळी माझा आरसा कुणासाठी गेला होता?

आर्नेल आरसा घेऊन आला, तेव्हा मी खाटेवर बसून वाटच बघत होते.

"कुणाचा भांग पाडून आलास?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"खोटारड्या! मेलेल्या माणसाचे निरोप आणत होतास?"

"निरोप त्यांचेच आहेत. दोन महिन्यांचे साठलेत माझ्याकडे..."

"काय उपयोग झाला त्यांचा? भांग पाडून वाचले का ते?"

तो स्टुलावर बसला.

"नाही वाचले. वाचणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. पण शनिवारी सकाळी त्यांनी मलाच झापलं, दाढी न करता आलास म्हणून! शेवटपर्यंत ते नुसते पेशंट नव्हते गं... तियो पिलोच होते."

मला रडू आवरेना. "मग तू कशाला येत राहिलास? घरी तियोंच्या शवपेटीपाशी जागरण चालू असताना?"

त्याने शर्टाच्या आतून सोबतीचं कार्ड काढलं, रखवालदाराच्या खणातलं. त्यावर माझं नाव, माझ्या खाटेचा नंबर! खाली सोबत्याचं नाव, आर्नेल. नात्याची जागा कोरी होती.

"हे रिकामं का?"

"तुला न विचारता कसं लिहू?" तो खाली बघत म्हणाला. "मला तू आवडतेस, जोवी. पाय असो... नसो."

मी पेन मागितलं. आधी डॉक्टरांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली आणि मग कार्डावर लिहिलं.

वाचून त्याने आ वासला. "'रविवारच्या बाचोयचा जोडीदार'? रखवालदार सोडेल मला?"

"सध्या एवढंच. पुढचं नंतर लिहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर आलं. मी आरसा मागितला. आर्नेलने तो समोर धरला, पण त्याचा हात इतका कापत होता की मला माझा चेहराच दिसेना.

"नीट धर ना," मी कंगवा उचलत म्हटलं. "भांग वाकडा गेला तर तियो पिलो मला झापतील."