दाराबाहेरचा खराटा

उन्हाळी घर बंद करायचं म्हणजे तसं फार काही नसतं. गाद्या उभ्या करायच्या, पीठमीठ उंदरांच्या तोंडी लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्यांत भरायचं, धक्क्याच्या फळ्या काढून किनाऱ्यावर रचायच्या. आणि जिथे जिथे पाणी असेल तिथून ते काढून टाकायचं, कारण आमच्या फिनलंडच्या थंडीत गोठलेलं पाणी तांब्यालोखंडाचीही गय करत नाही. व्हिएनोने हे चाळीस वर्षं केलं होतं. पण चाळीसही वर्षं नवरा बरोबर होता, आणि यंदाच्या एप्रिलात ओइवा गेला.

लेकीने, औतीने, अट घातली होती. "एकटीने घर बंद करून दाखव. काही विसरली नाहीस तर घर ठेवू. एक जरी गोष्ट राहिली तर वसंतात विकायचं. तू तिकडे बेटावर एकटी असलीस की माझा जीव थाऱ्यावर नसतो, आई."

व्हिएनोला राग आला होता, पण लेकीची भीती खोटी नव्हती. तिने अट कबूल केली.

ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी शेजारच्या आर्वीने तिला आपल्या मोटारबोटीतून बेटावर सोडलं. आर्वी ओइवाचा जुना दोस्त.

"वहिनी, पोरगी पलीकडे गाडीत दुर्बीण घेऊन बसलीय. जपून."

"बसू दे. बापावर गेलीय. तोही नुसता बसून माझ्या चुका काढायचा."

"चारला येतो. खराटा विसरू नका."

खराटा कोण विसरतं! आमच्याकडे कुलपापेक्षा खराट्याला मान. दाराला बाहेरून खराटा टेकवलेला दिसला की घरात कोणी नाही असं समजून माणूस पायरीवरूनच मागे फिरतो.

दुपारपर्यंत तिची सगळी कामं उरकली. मग तिने वर्षातला शेवटचा सौना, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेने न्हायची लाकडी खोली, तापवला. त्यातही ठरलेला क्रम असे. आधी ती, मग ओइवा, आणि शेवटी तापलेला सौना तसाच रिकामा सोडायचा, तिथल्या जुन्या राखणदारासाठी. त्याची पाळी सुरू झाली की आत कोणी जायचं नाही. ओइवाचं न्हाणं झालं की तो लाकडी पळी बादलीच्या काठावर तीनदा वाजवी. ठक, ठक, ठक. म्हणजे, माझं झालं, ये आता. मग व्हिएनो जाऊन त्याच्याबरोबर दार लोटून घेई.

आज ती न्हाली, ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर पायरीवर कॉफी आणि राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा घेऊन बसली. वारा अजिबात नव्हता. तळ्यावर पातळ धुकं होतं आणि बर्चची पिवळी पानं एकेक करून, कसलीच घाई नसल्यासारखी, पाण्यावर उतरत होती. तिचे डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात आत तापलेल्या दगडांवर पाणी पडलं.

चर्र... मग पुन्हा, चर्र... आणि मग एक मोठी, भरलेली पळी. दाराच्या फटीतून ओल्या बर्चच्या पानांचा वास आला. पाठोपाठ खोकला. बारीक, घशातल्या घशात, वाफ छातीत भरल्यावर ओइवा खोकायचा तसा.

भ्यायला हवं होतं, पण भीती काही येईना. उलट सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले. कॉफी गार होईपर्यंत ती ऐकत बसली.

दूरवर आर्वीच्या बोटीचा आवाज आला आणि तिला एकदम आठवलं. बंब! सौनातला तांब्याचा बंब तसाच काठोकाठ भरलेला होता. थंडीत तो फुटणार, वसंतात औती येऊन बघणार, आणि घर जाणार.

ती उठली. दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ कोमट होती. आत कोणीतरी बाकावरून हललं, फळी करकरली. ज्याची पाळी आहे तो आत असताना जायचं नसतं. ती तशीच उभी राहिली, आणि मग चाळीस वर्षांच्या सवयीने, हलक्या आवाजात म्हणाली,

"ओइवा... बंबाची तोटी सोड. दरवेळी विसरतोस."

 थोड्या वेळाने फळ्यांखाली गुडगुड झाली, आणि पन्हळीतून वाफाळतं पाणी गवतावरून तळ्याकडे वाहू लागलं. व्हिएनोला रडू आलं, हसूही आलं. पाणी थांबेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने घराला कुलूप लावलं, दाराला खराटा टेकवला आणि खडकावरून बोटीत उतरली.

पलीकडच्या काठावर औती बोटांवर मोजायलाच उभी होती.

"धक्का?"

"काढला."

"बंब?"

"रिकामा आहे."

औतीने दुर्बीण डोळ्यांना लावली. ती हळूहळू फिरत घराच्या दारापाशी येऊन थांबली.

"आई... खराटा?"

व्हिएनोने बेटाकडे पाहिलं. पांढरं दार इथूनही स्पष्ट दिसत होतं. त्याला काहीच टेकलेलं नव्हतं.

"एक गोष्ट राहिलीच ना गं," औती म्हणाली. तिने दुर्बीण खाली घेतली.

"राहिली नाही," आर्वी म्हणाला. "निघताना मी स्वतः पाहिलाय तो दाराला."

"मग पडला असेल वाऱ्याने."

तिघांनीही तळ्याकडे पाहिलं. पाणी आरशासारखं निवांत होतं.

मग त्या पाण्यावरून आवाज आला. लाकडावर लाकूड. ठक, ठक, ठक.

आर्वीने हळूच टोपी काढली. औतीचा चेहरा पांढरा पडला. लहानपणापासून दर शनिवारी तिने तो आवाज ऐकला होता. व्हिएनोने मात्र टॉवेल नीट खोचला आणि बोटीकडे वळून एक पाऊल टाकलं, हाक आल्यावर बाई उठते तितक्या सहज.

औतीने तिची बाही घट्ट धरली.

"घर नाही विकायचं," ती कशीबशी म्हणाली. "शपथ, नाही विकत. पण आता... तू गाडीत बस, आई."

व्हिएनो बसली. औतीने दार लावलं, चावी फिरवली. मागे बेटावरून पुन्हा तीन ठोके आले, या वेळी जरा घाईचे. ओइवाला वाट बघायला कधीच आवडत नसे.