करंजाच्या तेलाचा डबा

आखातातल्या लढाईच्या त्या हिवाळ्यात श्रीरामपूरकडच्या पंपांवर डिझेलचा खडखडाट होता. कानिफनाथाचा जुना ट्रक ऊस भरून दोन दिवस उभा. ऊस वाळत चाललेला. केबिनमध्ये गोजरमावशीचा करंजाच्या तेलाचा डबा होता, देवळात पोचवायला दिलेला. तिचा नवरा सहादू दिवाळीत गेला. उन्हाळ्यात दोघांनी मिळून वेचलेल्या बियांचं ते तेल. सप्ताहात सात दिवस विण्यापाशी त्याच्या नावानं समई तेवायची होती.

कानिफनाथानं डबा टाकीत ओतला. उरल्यासुरल्या डिझेलात मिसळून ट्रक चालला, कडवट वासाचा धूर सोडत.

"डबा फुटला, मावशी."

"फुटंना बापा. तेल गेलं, भाव कुटं गेला?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

सहादू गावचा पखवाजी. त्याची करंगळी याच ट्रकच्या इंजिनाच्या पट्ट्यात गेली होती. कानिफनाथानं न बघता सेल्फ मारला होता. "करंगळीचं काय घिऊन बसला? पखवाज काय तिच्यावर वाजतो व्हय?" असं म्हणून सहादू चार बोटांनी वाजवत राहिला. फक्त ठेक्यातली शेवटची थाप किंचित उशिरा पडे. कीर्तनवेडा कानिफनाथ त्या थापेसाठी श्वास धरून बसायचा.

सप्ताहाची पहिली पहाट. थंडी अशी की टाकीतलं तेल तुपासारखं थिजावं. नळी शेकायला तो पेटता बोळा घेऊन आला, तर ट्रक आधीच चालू होता. किल्ली त्याच्या खिशात होती.

त्यानं बंद करायची तार ओढली. इंजिन थांबलं नाही. देवळात काकडा संपला, तेव्हा आपणहून थांबलं.

रोज पहाटे तेच. संध्याकाळी बुवा नामाचा महिमा गात, मंडप डोले. टाळी वाजवायला कानिफनाथाचे हात उठत नसत.

चौथ्या दिवशी त्यानं तेलाची नळीच काढून ठेवली. पाचव्या पहाटे इंजिन चालू होतं. मग त्यानं नीट ऐकलं. तो ठेका होता. शेवटची थाप उशिरा पडत होती.

सातव्या पहाटे तो आला, तेव्हा गोजरमावशी बॉनेटला कान लावून उभी होती. अंगावर सहादूची घोंगडी.

"मावशी, डबा फुटला न्हवता. म्या टाकीत ओतला."

"ठावं हाय. सात दिस ऐकतीया."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलायची वाट बगत हुतो आमी."

इंजिन थांबलं.

देवळात काकडा अजून चालू होता.

ती गेल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. लोखंड गार होतं, दवानं भिजलेलं. मधोमध कणकेचा गोळा थापलेला होता, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतात तसा. ओला, ताजा.

त्यावर पंजा उमटला होता. करंगळीची जागा गुळगुळीत होती.