चष्मेवाल्याची कोल्हीण

शेजारच्या चष्मेवाल्याला रीतभात म्हणून नाही, हे मी तो राहायला आला त्याच आठवड्यात सुनेला सांगितलं होतं. माणूस नव्या घरात येतो तेव्हा आधी झाडतो, पुसतो, खिडक्यांना पडदे लावतो. यानं काय करावं? बागेतलं गवत गुडघ्यापर्यंत वाढू दिलं. तुटक्या फांद्यांचा ढीग रचला आणि म्हणाला, बेडकांना बरं पडेल. फुटक्या घमेल्यात पाणी भरून ठेवलं, खारींसाठी. त्याच्याकडच्या गोगलगायी भिंत चढून माझी पालेभाजी फस्त करायच्या, तर हा त्यांना दोन बोटांत हळूच उचलून परत न्यायचा. "माफ करा हं बाई, यांना हद्द कळत नाही." हद्द त्यांना कळत नव्हती की ह्याला, देव जाणे!

पण माझी खरी तक्रार कोल्हिणीची होती.

शहरात आता कोल्हे सगळीकडेच झालेत. रुळांपलीकडच्या झाडीतून येतात आणि कचऱ्याच्या डब्यांवर पोट भरतात. ही एक रोज दिवेलागणीला आमच्या मागच्या भिंतीवरून चालत यायची, घराची मालकीण असल्यासारखी. चष्मेवाला तिला हाकलायचा सोडून बघत बसायचा. आणि ती माझ्या अंगणात वाळत टाकलेलं अस्तराचं कापड ओढून न्यायची. आमच्या घरात मागच्या खोलीत शिवणाचं दुकान आहे. मुलगा गिऱ्हाईकं बघतो, सून शिवते, कापते मी. मी कापलेल्या कोटाचा खांदा कधी उतरला नाही, आणि कात्री मी कुणाच्या हातात दिली नाही.

त्या संध्याकाळी मी कापड काढायला गेले, तर भिंतीपलीकडच्या झुडपात ती बसलेली. तांबूस पाठ, मान खाली. म्हटलं, आज सापडलीस! पायातली चप्पल काढली आणि दिली भिरकावून.

"आई गं!" कोल्हीण म्हणाली.

झुडपातून तांबूस स्वेटर घातलेला चष्मेवाला उठला... पाठ चोळत, हातात पाण्याचं भांडं. अर्धं पाणी त्याच्याच पायजम्यावर.

आता खरं म्हणजे चार पावलांवरचा माणूस मला कोल्हा दिसला होता. गेले कित्येक महिने लांबचं सगळं असंच धूसर दिसायचं. पण हे कबूल करायचं? आज कोल्हा दिसला म्हटलं असतं, तर उद्या कात्री सुनेकडे गेली असती. म्हणून मी मान वर केली.

"तुम्हालाच मारली," म्हटलं.

"मला? का हो?"

"गवत कापत नाही म्हणून."

तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. मग वाकला, चप्पल उचलली, खिशातलं चष्मे पुसायचं मऊ फडकं काढलं आणि तिच्यावरचा चिखल पुसला. चप्पल पुसतोय की कुणाची नाजूक फ्रेम, कळेना. भिंतीवरून पुढे करत म्हणाला, "नेम चांगला आहे तुमचा. दुसरी पण टाकणार असाल तर सांगा, मी वळून उभा राहतो."

मी चप्पल ओढून घेतली आणि घरात आले. कान असे तापले होते की सुनेनं विचारलं, "आई, ताप आहे का?"

मग त्या कोल्हिणीनं कळस केला. आमच्या शेडमध्ये चिंध्यांची पोती असतात. शेडच्या फळ्यांखाली बीळ करून ती तिथेच व्याली. मुलगा म्हणाला, भोक बुजवून टाकू. चष्मेवाल्याला कुठून कळलं कोण जाणे, भिंतीवर कोपरं टेकून उभा.

"पिल्लं हिंडायला लागेपर्यंत थांबा ना. मग ती आपणहून जाईल."

"जनावर तुमचं, तर राखण पण तुमची," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी या बाकावर येऊन बसायचं. माझ्या कापडाला तोंड लावलं की तिच्यावर ओरडायचं. मी का घसा बसवू?"

"आणि तुम्ही काय करणार?"

"तुमच्यावर लक्ष ठेवणार. तुमचा काय भरवसा?"

असा तो भिंत ओलांडून येऊ लागला. या वयात भिंत ओलांडायची म्हणजे एक तंगडी इकडे, एक तिकडे, आणि मध्ये थोडा वेळ विश्रांती. मी हसायचे नाही. तोंडावर पदर धरायचे.

आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसायचो. तो हलक्या आवाजात बोलायचा. कोल्हीण बाहेर पडताना आधी नाक काढते, मग एक कान... बघा, आला कान. वटवाघळं निघाली की फांद्यांच्या ढिगातून बेडूक सुरू व्हायचे. "तुमचे पाहुणे गळे साफ करतायत," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "शेजारणीची तक्रार करतायत. चपला मारते म्हणे."

एकदा पिल्लं पहिल्यांदा बाहेर आली. एकमेकांच्या शेपट्या ओढत लोळायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघंही किती गोड आहेत हो!"

तो अगदी हळू म्हणाला, "चार आहेत, बाई."

मी मान पुढे काढून बघितलं. दोनच.

"दोन जरा लांब आहेत. तुम्हाला दिसत नाहीयेत... त्या दिवशी मीही दिसलो नव्हतो."

जमीन दुभंगावी असं झालं. म्हणजे याला पहिल्यापासून कळलं होतं! आणि मी मान ताठ करून गवताच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"कुणाला बोललात तर याद राखा—"

"काय बोलू? सौंदर्य बघायला झुडपात बसलो आणि चप्पल खाल्ली?"

"कुठलं सौंदर्य?"

"कोल्हिणीचं," तो म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे.

मग त्यानं मला आपल्या चष्म्याच्या दुकानात नेलं नाही, खुर्चीत बसवलं नाही. संध्याकाळी खिशातून काचा आणायचा, एकेक माझ्या डोळ्यापुढे धरायचा आणि विचारायचा, "आता किती शेपट्या?" आणि एके दिवशी चष्माच घेऊन आला. स्वतःच्या हातांनी घातला. कानामागे दांडी बसवताना त्याचं बोट केसांना लागलं... आणि एकदम सगळं जग धुऊन काढल्यासारखं लख्ख झालं. शेपटीचं पांढरं टोक. पिल्लाच्या नाकावरचा ओला मातीचा ठिपका. आणि समोर हा. डोळ्यांजवळच्या सुरकुत्या, हनुवटीखाली दाढीचा राहून गेलेला पट्टा.

"काय दिसतंय?"

"दाढी नीट करत नाही तुम्ही."

"अजून?"

"...अजून काही नाही."

होतं. पुष्कळ होतं. म्हणून तर मी चष्मा पटकन काढला.

तेव्हापासून माझी मलाच लाज वाटायला लागली. चष्मा मी फक्त बाकावर घालायचे आणि आत येताना पोलक्यात लपवायचे. संध्याकाळी आरशापुढे उभी राहायचे. सून मशीनवरून म्हणायची, "आई, सकाळीच विंचरले होते ना केस?" मी म्हणायचे, वारा आहे. खिडकीबाहेर पान हलत नसायचं. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या मागे मी मुलगा वाढवला, दुकान उभं केलं. गल्लीत माझ्याकडे वर नजर करून बोलायची कुणाची टाप नाही. आणि आता डोक्याचे केस पांढरे झाल्यावर एका माणसाच्या पावलांच्या आवाजासाठी कात्री हातात थांबायची. थू!

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. तो छत्री घेऊन आला आणि बाकाच्या मधोमध धरून बसला. परिणाम असा की दोघंही अर्धे भिजलो.

"पिल्लं गेली की मी काय निमित्त काढून येऊ?" त्यानं विचारलं.

"निमित्त कशाला लागतं—" मी बोलून गेले आणि जीभ चावली. मग विषय बदलायला म्हटलं, "अहो, छत्री इकडे धरा ना!"

नेहमी मी त्याला 'चष्मेवाले' म्हणायचे. नुसतं 'अहो' मी जन्मात एकाच माणसाला म्हटलं होतं. आत खिडकीतलं शिवणयंत्र एकदम थांबलं. सुनेनं ऐकलं होतं. मी खाली मातीकडे बघत बसले. छत्री मात्र माझ्याकडे सरकली, पुरती. तो सबंध भिजला.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी गल्लीतली माणसं आमच्या दारात जमली. पुढे गल्लीच्या मंडळाचे सेक्रेटरी, मागे बाकीचे. कोल्हीण कचऱ्याच्या पिशव्या फाडते, ती तुमच्या शेडमध्ये आहे, तिचा बंदोबस्त करा. मुलगा हो-हो करत होता. चष्मेवाला आपल्या फाटकातून आला आणि म्हणाला, "थोडेच दिवस राहिलेत, पिल्लं अजून लहान आहेत."

तशी पलीकडच्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण म्हणाली, "पिल्लांचं नुसतं निमित्त हो. संध्याकाळी बाकावर काय रंगतं ते आम्हाला गॅलरीतून दिसतं."

सगळे हसले. मुलाची मान खाली गेली. चष्मेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. काही मागत नव्हता, फक्त बघत होता.

आणि मी म्हटलं, "मला यांच्याशी काय करायचंय? कोल्ह्यांच्या मागे येतात, मी काय हाताला धरून आणते? मुलाला सांगितलंय, उद्याच भोक बुजवेल."

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी बाकावर कुणी आलं नाही. मी कापड काढायच्या मिषानं दोनदा बाहेर जाऊन आले. कापड तर दुपारीच काढलं होतं. इतके दिवस आपल्याला कुणी आवडतंय याची लाज होती. आता आपल्या तोंडाची होती, आणि ही जास्त बोचत होती.

सून जेवताना म्हणाली, "आई, तुम्ही कुणाचं ऐकून घेत नाही. आज त्या दातवालीचं तेवढं घेतलंत. आणि बोललात कुणाला? जो गप्प होता त्याला."

"जेव मुकाट्यानं," मी म्हटलं. मी मात्र जेवले नाही.

सकाळी मुलानं फळ्या आणि हातोडी आणली. जनावर आपणहून निघून जावं म्हणून आधी बिळाच्या एका बाजूनं ठोकाठोक सुरू केली. तशी कोल्हीण बाहेर आली, तोंडात पिल्लू धरून. भिंतीकडे गेली. एवढं वजन घेऊन चढता येईना. मग वळली आणि घराच्या बोळातून सरळ पुढच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर!

कामाला निघालेली सगळी गल्ली तिथे होती. सेक्रेटरी स्कूटर पुसत होते. डॉक्टरीण गॅलरीत. सगळे आहेत तिथे थांबले. चष्मेवाल्यानं आपलं फाटक उघडलं आणि बाजूला उभा राहिला. ती आत गेली, पिल्लू गवतात ठेवलं आणि परत निघाली. मुलाची हातोडी हातातच राहिली.

तिनं चारही पिल्लं अशीच नेली, भर उजेडात. शेवटच्या वेळी तर सेक्रेटरींच्या पायाला घासून गेली. त्यांनी एक पाय वर घेतला तो खाली ठेवायला विसरले. तिनं कुणाकडे बघितलं नाही. मी दुकानाच्या खिडकीत उभी राहून चष्म्यातून बघत होते.

"आई, हा चष्मा कधी घेतलात?" सून म्हणाली.

गळ्यात टेप, बोटांना खडू, तशीच निघाले.

"आई, कुठे?" मुलानं विचारलं.

"शेजारी."

"आत्ता? सगळे बघतायत!"

"म्हणूनच आत्ता."

चष्मेवाला फाटक लावत होता. पूर्ण सकाळ त्यानं आमच्या घराकडे एकदाही बघितलं नव्हतं. आताही तो कडीकडेच बघत होता.

"पोचली सगळी?" मी विचारलं.

"पोचली."

"मग थांबा. बोलायचंय."

"बाई, लोक आहेत."

"लोकांपुढेच बिघडवलं होतं ना मी?" मी वर गॅलरीकडे बघितलं. "काय हो डॉक्टरीणबाई, तिथून नीट ऐकू येतंय ना? का खुर्ची खाली आणून देऊ?" ती आत पळाली. पडद्यामागेच उभी असणार. मी परत त्याच्याकडे वळले.

"ऐका. तुम्ही आळशी आहात. बागेचा उकिरडा केलाय. मी तुम्हाला चारचौघांत परकं केलं, तेव्हा भांडायचं सोडून 'बरोबर आहे' म्हणालात, हा तर शुद्ध गाढवपणा. बरोबर नव्हतं. चुकलं माझं. लाज वाटली होती मला. तुमची नाही, या वयात मला कुणी हवंसं वाटतंय याची. ती आत्ताही वाटतेय. वाटू दे! तिच्यापायी मी काही माणूस सोडायची नाही. मला तुम्ही हवे आहात. आणि अहो, कडीकडे बघून काय हसताय? इकडे बघून हसा."