शुक्रवारच्या आधी सांगायचं नाही

"मी निवृत्त झालोय म्हणे!"

मी मान वर केली. कार्यालयाच्या दारात एक उंच तरुण उभा होता. थंडीनं नाक लालबुंद, लोकरीच्या टोपीवर बर्फाचा भुगा, आणि दोन्ही हातांत झाकण लावलेलं काचेचं भांडं. त्यातून वाफ येत होती...

"कोण निवृत्त झालं?"

"मी. हार्लन लिंडग्रेन, वय वर्षं बत्तीस. तुमच्या पत्रिकेत माझा फोटो आहे, आणि खाली लिहिलंय — चाळीस वर्षांच्या सेवेनंतर लिंडग्रेन आता निवांत मासे पकडतील."

मी पटकन अंक उघडला. आमच्या विद्यापीठात लिंडग्रेन पैशाला पासरी. निवृत्त झाले होते भूगर्भशास्त्राचे म्हातारे हॅराल्ड लिंडग्रेन, आणि फोटो गेला ह्याचा!

"आणि... हे काय?" मी भांड्याकडे बोट दाखवलं.

"निरोपाची हॉटडिश. सकाळपासून बटाट्या-खिम्याचं हे तिसरं भांडं."

"अहो, मग सांगायचं ना त्यांना, चूक झालीय म्हणून!"

"कसं सांगणार? गणिताच्या बाई डोळे पुसत होत्या. बत्तिसाव्या वर्षी का निवृत्त होताय, असं एकानंही विचारलं नाही हो."

नाहीच विचारणार. आम्हा मिनेसोटाच्या लोकांना बुडणारा माणूस दिसला, तर आधी विचारू, पाणी फार गार नाही ना? आडवातिडवा प्रश्न विचारणं आमच्या रक्तातच नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावरून डॉट फिसकन हसली. डॉट म्हणजे आमच्या कार्यालयातली सर्वांत जुनं खोड. मी नोकरीला लागले तेव्हाही ती तिथेच बसलेली होती.

"दुरुस्ती छापते," मी शक्य तितक्या ताठ आवाजात म्हटलं. "मागील अंकात छायाचित्र चुकीचे छापले गेले, क्षमस्व."

"एवढंच? मला वाटलं, हार्लन लिंडग्रेन अजून उमेदीत आहेत... अविवाहित आहेत... असं काहीतरी छापाल."

"ती जाहिरात झाली. आम्ही जाहिराती छापत नाही."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक होत, आणि डाव्या गालावर एकच खळी पडे — दुसरी बहुधा थंडीला घाबरून आत बसलेली. "बरं," तो म्हणाला, "चमचे तरी आहेत का?"

आम्ही तिघांनी ती हॉटडिश संपवली. चुकीची भरपाई म्हणून भांडं मी घासलं.

मी गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक मागून म्हणतात, मी पुढून कबूल करते. माझं नाव लेम्पी हार्यू, आणि आमची 'शुक्रवार पत्रिका' मी एकटी चालवते. कुलगुरूंपासून बॉयलरवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या संगणकावर ती शुक्रवारी दुपारी पोचते. कुठली गाड्यांची जागा बंद, कुणाला पारितोषिक, फ्लूची सुई कधी, कुणाचा एकच हातमोजा सापडला — सगळं त्यात. पत्रिकेत आलं म्हणजे खरं, असं लोक म्हणतात. हे नाव उगीच कमावलेलं नाही. म्हणून त्या फोटोची चूक मला रात्रभर टोचत राहिली... आणि ती खळीसुद्धा, खोटं कशाला बोलू!

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर. हार्लन बर्फाचा अभ्यास करायचा. आमच्या गावाकाठच्या समुद्राएवढ्या तलावावर बर्फ कसा धरतो, कसा तडकतो, कधी फुटतो, हे मुलांना शिकवायचा. त्यामुळे दर आठवड्याला त्याची एक सूचना असे. किनाऱ्यालगत चालायला हरकत नाही, दीपगृहापलीकडे जाऊ नये.

"ह्याच्या बोटांना काही झालंय का गं?" तो गेल्यावर डॉट म्हणायची. "सगळं विद्यापीठ ईमेल करतं. हा दोन ओळींसाठी टेकडी चढून येतो!"

"प्रकृतीला चांगलं असतं."

"कुणाच्या प्रकृतीला, बाई?"

फेब्रुवारीतल्या एका लख्ख दुपारी तो म्हणाला, "तुम्ही बर्फाच्या एवढ्या सूचना छापता... कधी ऐकलाय का बर्फ?"

"ऐकलाय? बर्फ काय गातो?"

"चला तर खरं."

आम्ही किनाऱ्यापासून थोडं आत जाऊन उभे राहिलो. ऊन नुसतं चमकत होतं. आणि मग पायांखालून, खूप खोलवरून, एक लांबलचक आवाज निघाला... घुमत घुमत पार दीपगृहापर्यंत गेला. मी घाबरून त्याचा हातच धरला.

"काही नाही," तो हळूच म्हणाला. "ऊन लागलं की तो जरा आळस देतो."

माझा हात सोडायचा राहून गेला. त्यानंही आठवण केली नाही.

"एक विचारू? तुमच्या नावाचा अर्थ मी गावातल्या बेकरीतल्या फिनिश आजींना विचारला."

माझे कान तापले. "माझ्या आजीचं नाव आहे ते. घरात चालत आलंय."

"लेम्पी म्हणजे प्रेम, म्हणाल्या. आता मला सांग, मी तुला हाक तरी कशी मारायची? भर कॉरिडॉरमध्ये?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आम्हा दोघांनाही कळलं नाही. किंवा कळलं होतं... दोघांनाही.

पण एक काटा होता. हार्लनची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. त्या वसंतात त्याच विषयाची कायमची जागा निघाली होती, आणि तिच्यासाठी हार्लनबरोबर देशभरातून अर्ज आले होते. त्याचे वडील खनिजाच्या बोटींवर आयुष्यभर राबले. त्याच तलावाकाठी, त्याच गावात मुलानं प्राध्यापक व्हावं, ही त्याच्या आईची एकच आस. तेवढ्यात अलास्काहून त्याला बोलावणं आलं. तिथे जागा पक्की, बर्फ तर मुबलक. फक्त बुधवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा.

आणि मंगळवारी मला कुलगुरूंच्या कार्यालयातून फोन आला.

"लेम्पी, शुक्रवारी सकाळी नियामक मंडळ बसतंय. कायम होणाऱ्यांची नावं सांगते, बातमी तयार ठेव. मंडळाची मोहोर उमटेपर्यंत—"

"अवाक्षर नाही," मी म्हटलं. हे आमचं नेहमीचंच. आधी बातमी फुटली, की मंडळ बिथरतं आणि नाव मागे टाकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिलंच नाव हार्लनचं होतं.

फोन ठेवला आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. माझा हार्लन! देशभरातल्या एवढ्या हुशार माणसांतून माझा हार्लन! छाती अशी भरून आली की खुर्चीत बसवेना. मी दोन ओळींची ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली, आणि मग एकदम लक्षात आलं — त्याला हे शुक्रवारी कळणार. आणि अलास्काला उत्तर द्यायचंय बुधवारी.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! एक शब्द बोलले, तर तो थांबेल. पण तो आईला सांगणार, आई चर्चमध्ये सांगणार, आणि शुक्रवारपर्यंत मंडळाच्या कानावर जाणार. शिवाय बातमी माझ्यावर विश्वासानं सोपवली होती. तो विश्वास माझ्या माणसासाठी मोडायचा, तर मग माझ्या ताठ मानेला काय अर्थ राहिला?

बुधवारी दुपारी तो आला. डॉटनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती कॉफीचा कप घेऊन बाहेर गेली.

"तुझ्याकडे नावं आलीत," तो म्हणाला.

मी पटकन समोरचा कागद उलटा केला.

"मी विचारणार नाही. विचारायचं नाही असं ठरवूनच आलोय... पण लेम्पी, मला संध्याकाळच्या आत उत्तर द्यायचंय. नुसती माझ्याकडे बघ ना एकदा."

मी बघितलं, आणि नेमकं तेव्हाच माझे डोळे भरून आले. ओठ मी घट्ट मिटून घेतले होते. त्याचा चेहरा उतरला.

"कळलं," तो हळू आवाजात म्हणाला.

अरे वेड्या, उलटं कळलंय तुला! पण एवढंसुद्धा म्हणायची सोय नव्हती. तो जायला वळला, तशी मी टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"थांब. शुक्रवारची बातमी माझी नाही, हार्लन. ती मला देता येत नाही... तुलासुद्धा नाही. पण एक बातमी माझी स्वतःची आहे. तिला कुणाची मोहोर लागत नाही."

"कुठली?"

"माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. अलास्का चांगलं आहे, तू गेलास तर मी अडवणार नाही... पण हे न सांगता तुला जाऊ दिलं असतं, तर जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं."

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथेच, माझ्यासमोर अलास्काला लावला.

"माफ करा, मला यायला जमणार नाही... नाही, पगाराचं काही नाही... इथली नोकरी? नाही, ती मिळालेली नाही. इथे माझं माणूस आहे, म्हणून."

मी त्याची बाही धरली.

"हार्लन, अरे... आणि मग करशील काय?"

"गावातल्या शाळेत शिकवीन. मुलांना बर्फावर नेणारा मास्तर कुणाला नकोय?" त्यानं माझे दोन्ही गाल हातांत धरले. "आता रडू नकोस गं. नोकरी माझी गेलीय, तुझी नाही!"

मी रडता रडता हसत होते, आणि का हसते ते त्याला सांगू शकत नव्हते. पुढचे दोन दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. डॉटनं शंभर वेळा खोदून पाहिलं. मी पाघळले नाही.

शुक्रवारी मंडळाची मोहोर उमटली आणि दुपारी पत्रिका सुटली. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. थोड्याच वेळात विज्ञान इमारतीचं दार धाडकन उघडलं, आणि कोट न घालताच एक उंच माणूस टेकडीवर धावत सुटला. वाटेत लोक त्याला थांबवून हात मिळवत होते, पाठ थोपटत होते. तो कुणाकडेच धड बघत नव्हता.

दारात येऊन तो धापा टाकत उभा राहिला. मागोमाग अर्धं कार्यालय गोळा झालं.

"तुला माहीत होतं!"

"हो."

"मी अलास्काला नाही म्हणत होतो, तेव्हा माहीत होतं!"

"हो."

"आणि तू तोंड पाडून उभी होतीस! मला वाटलं, संपलं सगळं!"

"अरे, आनंद दाबला की माझं तोंड तसंच दिसतं." मी एक पाऊल पुढे टाकलं. "रागावलास?"

"रागावलो?" तो वळला. दारातल्या गर्दीत खुद्द कुलगुरूबाईही त्याचं अभिनंदन करायला आल्या होत्या. "मॅडम, ऐका तरी! मी हिच्यासमोर दुसरीकडची पक्की नोकरी सोडली, तरी हिनं तुमची बातमी फोडली नाही. मलासुद्धा नाही सांगितली. मला!"

त्या 'मला'मध्ये काय अभिमान होता! बक्षीस जणू त्याला नाही, मला मिळालं होतं. कुलगुरूबाई हसायला लागल्या. डॉट उगीचच चष्मा पुसत बसली. मी मात्र मान ताठ ठेवून सगळ्यांच्या देखत त्याच्या मिठीत शिरले. लपवायचं होतं काय आता?

एका हातानं मला तसंच धरून त्यानं दुसऱ्या हातानं घरी फोन लावला. पलीकडे त्याच्या आईचा आवाज एवढा चढला, की मलाही ऐकू आला.

"हो आई, मिळाली... कायमची, हो. अगं, रडतेस काय? नोकरीचं राहू दे गं, आधी आमच्या लेम्पीनं काय केलं ते ऐक!"