टेलरची कॅसेट

ते गाणं जरा बंद करा. गाणं वाईट नाही, तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून मी ते ऐकतोय. पण पलीकडच्या घरात खिडकीशी एक म्हातारा बसलेला असतो, आणि हे गाणं लागलं की तो उठतो आणि गज धरून उभा राहतो. मला ते बघवत नाही.

का, ते सांगतो. लाईट येईपर्यंत तुम्हाला तरी दुसरा काय उद्योग आहे? मध्येच ‘खरं का’ असं मात्र विचारायचं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो भिंतीपलीकडे आहे. विचारायचं तर जाऊन त्यालाच विचारा.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. जेवणं आटोपली होती. त्या म्हाताऱ्याची, म्हणजे आमच्या रेडिओवाल्याची बायको म्हणाली, “अहो, सकाळच्या गाडीने पोरगी येतेय. दुकानातून तेवढी ती कॅसेट घेऊन या. उद्या रविवार, शटर उघडायला तुम्ही दुपार कराल.”

पोरगी म्हणजे तिची भाची. तिच्या धाकट्या भावाची मुलगी. बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती. आता तिचं लग्न ठरलं होतं, आणि त्याआधी तिला बापाचा आवाज एकदा ऐकायचा होता. त्याचा चेहरा फोटोत होता. आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये होता.

“आणतो,” म्हणून रेडिओवाल्याने चपला सरकवल्या आणि निघाला. दुकान दोन गल्ल्या सोडून. शटर उघडायचं, खणातून कॅसेट काढायची आणि घरी यायचं, एवढंच काम. पण पाय उचलेनात. कारण त्या कॅसेटमध्ये टेलरचा आवाज उरलेला नव्हता. आणि हे जगात त्याच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

थांबा, टेलर कोण ते आधी सांगतो. बायकोचा हा धाकटा भाऊ कपडे शिवायचा. डावखुरा होता, त्यामुळे कात्री, सुई, सगळं उलट्या हाताने. रेडिओवाला आणि तो, दाजी-मेहुणे, एकाच माणसाचे वेडे. सातासमुद्रापलीकडचा तो रॉक अँड रोलवाला, ज्याचं गाणं तुम्ही आत्ता फोनवर लावलं होतंत. हे दोघं त्याला ‘साहेब’ म्हणायचे. टेलरने तर साहेबांसारखं उभ्या कॉलरचं जाकीट स्वतःसाठी शिवलं होतं, कॉलरला लाल दोऱ्याची शिवण घातलेलं. उन्हाळ्यातसुद्धा अंगातून काढायचा नाही.

रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची बैठक बसायची. मीही असायचो, स्टुलावर ठेका धरायला. नुसतं ऐकणं नव्हतं हो ते. तबकडीवर बोट टेकवून ती हळू फिरवायचे आणि शब्द सुटे करून ऐकायचे. कुठल्या गाण्यात साहेबांना सर्दी झाली होती, कुठे ओळ विसरून त्यांनी हसू दाबलं, यावर तासन् तास. एकदा एका ‘हं’वरून दोघांनी अबोला धरला होता. तो ‘हं’ साहेबांचा की मागच्या गिटारवाल्याचा!

आणि एक रिवाज होता. तबकडीवर सुई टेकवायची रेडिओवाल्याने. उचलायची टेलरने. कधी बदल नाही. एकदा टेलर बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत राहिला, तर तबकडी संपून सुई खरखरत बसली. रेडिओवाल्याने हात लावला नाही.

टेलर गायचासुद्धा. गाणं साहेबांचं असायचं, पण टेलरचं होऊन यायचं. रस्त्यावरचे लोक थांबायचे. रेडिओवाल्याला गळा नव्हता. तो गिटारवर साथ करायचा, आणि टाळ्या पडल्या की खाली मान घालून तारा पिळत बसायचा. म्हणायचा, “साहेब ते साहेब. तू आपला शर्ट शिव.” टेलर हसायचा. त्या हसण्यात काही नव्हतं. ह्याच्या बोलण्यात मात्र होतं.

मग टेलरच्या गळ्याला नको तो आजार झाला. ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा जाणार होता. आदल्या संध्याकाळी तो दुकानात आला आणि एक गाणं भरून घेतलं. गाण्याआधी खाकरला, पोरीचं नाव घेतलं आणि गायला. आम्ही दोघंच होतो तिथे, दाजी गिटारवर आणि मी स्टुलावर. स्टूल मला वाजवता आलं नाही.

जुन्या कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक बारीक तुकडा असायचा. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. टेलरने कात्रीच्या टोकाने तो मोडला आणि म्हणाला, “दाजी, हिला हात लावू नका. पोरीची आहे.” ते त्याचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं. पुढे वर्षभर तो पाटीवर लिहून बोलला, आणि मग गेला.

तो गेल्यावर सहा-सात महिन्यांनी साहेबांच्या पुण्यतिथीला एका परदेशी स्टेशनवरून त्यांचा कधीच बाहेर न आलेला एक कार्यक्रम लागणार होता. एकदाच. रेडिओवाला दुकानात एकटा. कोऱ्या कॅसेटी होत्या, पण स्वस्तातल्या, घरघरणाऱ्या. चांगली एकच होती. खणातली.

त्याने त्या मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली. भोक बुजलं की मशीन पुन्हा भरून घेतं.

हे त्याने मला अलीकडे सांगितलं. म्हणाला, “माझा हात बटणावर थांबला होता रे. बराच वेळ थांबला होता. पण मग साहेब गायला लागले.”

असा तो माणूस. आणि वर इतकी वर्षं बायकोने कधी विषय काढला की म्हणायचा, “नीट ठेवलीय. सारखी लावली तर झिजेल.” ती बिचारी मानायची.

तर त्या रात्री दुकानाकडे जाताना त्याने ठरवलं की मशीनने रिबीन खाल्ली असं सांगायचं. रिबीन ओढून गुंता करायचा आणि तोच नेऊन दाखवायचा. बायको रडेल, पोरगी रडेल, आणि मग शांत होतील. त्याला वाईट कशाचं वाटत होतं, माहितीये? साहेबांचा तो कार्यक्रम जाणार याचं. म्हणून तोडण्याआधी शेवटचा एकदा ऐकावा म्हणून त्याने कॅसेट मशीनमध्ये घातली.

शटर अर्धं खाली होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने बटण दाबलं.

गर्दीचा आवाज आला. टाळ्या, शिट्ट्या. मग ड्रम. मग गिटार. प्रत्येक ठोका त्याला पाठ होता. आता साहेब पहिली ओळ घेणार...

घेतली नाही.

वाद्यं पुढे चालली होती. जिथे लोक किंचाळायचे तिथे किंचाळले. जिथे हसायचे तिथे हसले. मध्ये गाणारा माणूस नव्हता.

मशीनचं हेड खराब झालं असेल, असं तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. दुकानात कोणी नव्हतं, तरी मोठ्याने. त्याने कॅसेट थांबवली आणि फळीवरून एक तबकडी काढली, साहेबांची पहिली, दोघांची सगळ्यात लाडकी. सुई टेकवली.

ठेका लागला. गिटार लागली.

आवाज नाही.

दुसरी तबकडी लावली. तिसरी. सगळ्यांत तेच. वाद्यवाले जीव तोडून वाजवतायत आणि समोर जागा रिकामी...

तिसरी तबकडी संपली. सुई खरखरायला लागली. ह्याचे हात मांडीवर होते. उठावंसं वाटेना.

आणि सुई उचलली गेली.

सावकाश. नेहमी उचलली जायची तशी. बाजूला गेली... आपल्या जागेवर बसली.

खोलीत कोणीतरी खाकरलं.

“दाजी” वगैरे काही हाक आली नाही. तुम्हाला वाटलं असेल येईल. आली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. हाकेला निदान काहीतरी उत्तर देता येतं...

तेवढ्यात शटर वाजलं. बायको होती, हातात बॅटरी घेऊन. “इतका वेळ? बरं वाटत नाहीये का?” मग तिने मशीनमधली कॅसेट पाहिली. “ऐकत बसला होतात होय? मग मलाही ऐकवा की.” आणि हा नको म्हणायच्या आत तिने बटण दाबलं.

त्याला ऐकू आल्या टाळ्या. शिट्ट्या. ड्रम.

ती स्टुलावर बसली. डोळे मिटले. आणि हळूच हसली.

“खाकरला बघा,” ती म्हणाली.

ह्याने मशीनला कान लावला.

“पोरीचं नाव घेतलं... ही गिटार तुमची ना?”

“टाळ्या वाजतायत,” हा म्हणाला.

“कसल्या टाळ्या? एकटाच तर आहे तो.”

ती ऐकत राहिली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ओठ भावाबरोबर हलत होते, एकेका शब्दावर. ह्याच्या कानात हजारो लोकांची गर्दी, आणि गाणारा कोणी नाही...

तिथे त्याचं डोकं फिरलं. त्याने झडप घालून कॅसेट बाहेर काढली. रिबीन ओढली. ओढतच राहिला. तोडली.

ती बघत होती. म्हणाली, “का?”

मग त्याने सांगितलं. सगळं. चिकटपट्टी, स्टेशन, कार्यक्रम. “त्यात तुझा भाऊ नाहीच. मी पुसला त्याला. साहेबांसाठी पुसला.”

“मग मी आत्ता काय ऐकलं?”

तिने बॅटरी उचलली आणि एकटी घरी गेली. त्या रात्रीपासून ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. ताट वाढायची, औषध द्यायची, कपडे धुवायची. बोलायची नाही. काही दिवसांनी सामान उचलून भाचीकडे राहायला गेली, ती अजून तिकडेच आहे.

त्याने साहेबांच्या सगळ्या तबकड्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. चाळीस वर्षांत जमवलेल्या. त्याला अजूनही साहेबांचा आवाज येत नाही. तुमचं गाणं लागलं की तो गजाशी येतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला विचारतो, “गातोय का हो कोणी?” लोक हसतात. मला हसू येत नाही. दयाही येत नाही, खरं सांगतो. टेलर माझा मित्र होता.

कॅसेटचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी भाची गाडीतून उतरली ती सरळ दुकानात गेली. आत्याने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. निदान तुकडे तरी घेऊन जाईन, म्हणाली. शटर रात्रीपासून तसंच अर्धं उघडं. फरशीवर रिबीन नव्हती. कॅसेट टेबलावर होती, गुंडाळलेली, नीट. चिकटपट्टी काढलेली. तिने मला बोलावलं, कारण एकटीने लावायचा तिला धीर होईना.

आम्ही लावली. तो खाकरला, त्याने तिचं नाव घेतलं आणि गायला. पोरीने माझा हात घट्ट धरला होता. मधल्या एका ओळीवर मात्र ‘टक’ असं वाजलं, म्हणून मी कॅसेट काढली आणि रिबीन पेन्सिलीने पुढे सरकवत, बोटाने चाचपत गेलो...

तुटली होती तिथे जोड होता. जोडायला चिकटपट्टी वापरली नव्हती. एवढ्याशा रिबिनीला बारीक, एकसारखे टाके घातले होते. लाल दोऱ्याचे. आणि शेवटची गाठ उलट्या हाताची होती.